५०० मिलिग्रॅम औषध, ३०० मिलिग्रॅम जागा: अंबडमधल्या एका फुगणाऱ्या गोळीचं प्रकरण

मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या औषधाची साधी गोळी दिवसातून दोन-तीनदा घ्यावी लागते. रक्तातलं औषध निम्मं व्हायला, म्हणजे त्याच्या अर्धायुष्याला, साधारण सहा तास लागतात, त्यामुळे एका मात्रेवर दिवस निघत नाही. तेच औषध संध्याकाळच्या जेवणाबरोबर एकदाच घेता यावं म्हणून एसआर, म्हणजे सस्टेन्ड रिलीज गोळी बनवतात. नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एका लहान कारखान्याला अशी ५०० मिलिग्रॅमची गोळी हवी होती. तिच्या फॉर्म्युलेशनचं, म्हणजे गोळीत काय किती आणि कसं घालायचं हे ठरवण्याचं काम माझ्याकडे आलं.

अट एकच होती, पण कडक. नवे पंच-डाय, म्हणजे गोळी दाबायचे साचे, घ्यायचे नाहीत. हाताशी असलेले पंच १९ बाय ८.५ मिलिमीटरचे, कॅप्सूलच्या आकाराचे. त्यांत ८०० मिलिग्रॅमपर्यंतचं मिश्रण नीट दाबलं जायचं, त्यापुढे गोळी जाड आणि ठिसूळ व्हायची. म्हणजे औषधाचे ५०० वजा केले की औषध हळू सोडणारा पॉलिमर, मिश्रण बांधणारा बाइंडर, साच्याला चिकटू न देणारा लुब्रिकंट अशा सगळ्यांना मिळून ३०० मिलिग्रॅम जागा.

मालकांची अट खर्चाची होती, पण मला ती रुग्णाच्या बाजूनेही पटली. एक ग्रॅमच्या आसपासची गोळी वयस्क माणसाला गिळवत नाही. मग घरातलं कोणीतरी ती सुरीने अर्धी करून देतं किंवा ठेचून देतं. एसआर गोळी ठेचली की आठ-दहा तासांचं औषध एकदम मोकळं होतं. गोळी लहान ठेवणं हा औषध नीट सुटण्याचाच भाग आहे, असं मी पहिल्याच बैठकीत सांगितलं.

लक्ष्य असं धरलं: पहिल्या तासाला २० ते ४० टक्के औषध बाहेर, तिसऱ्या तासाला ४५ ते ६५ टक्के, आणि दहाव्या तासापर्यंत किमान ८५ टक्के. शेवटचा आकडा बऱ्याच जणांना दुय्यम वाटतो. औषध हळू सुटतंय ना, मग उरलेलं बारा-चौदा तासांत सुटेल, असा विचार होतो. मेटफॉर्मिनच्या बाबतीत तो चुकीचा आहे. हे औषध मुख्यतः लहान आतड्याच्या वरच्या भागात शोषलं जातं आणि मोठ्या आतड्यात फारच कमी. साध्या गोळीतूनही ते ५० ते ६० टक्केच रक्तात पोचतं. गोळी मोठ्या आतड्यात पोचल्यावर सुटलेलं औषध बहुतांशी वाया जातं. म्हणजे गोळीने सुरुवातीला हात आखडता घ्यायचा आणि शेवटी काही मागे ठेवायचं नाही. एकाच पॉलिमरकडून या दोन्ही गोष्टी मागणं किती अवघड आहे, ते पुढे दिसलंच.

एकटा एचपीएमसी

सुरुवात सगळे करतात तिथूनच केली: एचपीएमसी, म्हणजे हायप्रोमेलोज, के-१००-एम जातीचं. या नावातला १००-एम म्हणजे २० अंश सेल्सिअसला दोन टक्के द्रावणाची चिकटाई, अंदाजे एक लाख मिलिपास्कल-सेकंद. के-४-एमची चार हजार, के-१५-एमची पंधरा हजार.

गोळी पाण्यात पडली की पृष्ठभागावरचे एचपीएमसीचे कण पाणी पितात. कोरड्या अवस्थेत हा पॉलिमर काचेसारखा कडक असतो. पाणी शिरलं की त्याच्या साखळ्या सैल होतात आणि शरीराच्या तापमानालाच तो मऊ जेल होतो. भिजलेल्या सब्जाच्या बीसारखं चित्र दिसतं: बाहेर पारदर्शक थर, आत कोरडा टणक गाभा. औषध त्या जेलमध्ये विरघळतं आणि वाट काढत बाहेर येतं. त्याच वेळी जेलचा सगळ्यांत बाहेरचा भाग पाण्यात विरघळून झिजत असतो. म्हणजे गोळीत दोन सीमा सरकत असतात. पाण्याची सीमा आत जाते आणि त्यामुळे जेल जाड होतं. झिजेची सीमा बाहेरून आत येते आणि त्यामुळे जेल पातळ होतं. औषध सुटण्याचा वेग या दोन सीमांमधल्या अंतरावर ठरतो. हे अंतर डोळ्यांसमोर ठेवलं नाही तर पॉलिमर एकत्र करणं हा निव्वळ अंदाजपंचे कारभार होतो.

पहिल्या ट्रायलमध्ये एचपीएमसी २०० मिलिग्रॅम, भर म्हणून एमसीसी (मायक्रोक्रिस्टलाइन सेल्युलोज) ७५, बाइंडर म्हणून पीव्हीपी १५, पूड मोकळी वाहावी म्हणून कोलॉइडल सिलिका ४, लुब्रिकंट म्हणून मॅग्नेशियम स्टिअरेट ६. एकूण ८००. एचपीएमसी गोळीच्या २५ टक्के. औषध किती सुटतं ते मोजायला ती ६.८ पीएचच्या फॉस्फेट बफरमध्ये (पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात), ३७ अंशाला, पॅडलने ढवळणाऱ्या यंत्रावर चालवली. पहिल्या तासाचा आकडा वरच्या मर्यादेच्या बराच पुढे गेला.

मग जो कोणी करेल तेच केलं. एमसीसी कमी करून एचपीएमसी २६० वर नेलं, म्हणजे ३२.५ टक्के. याचा निकाल शिकण्यासारखा होता. तिसऱ्या तासापासून पुढचा आलेख बराच खाली आला. पहिला तास मात्र जेमतेम हलला, अजूनही मर्यादेच्या बाहेरच. आणि दहाव्या तासाला आता ८५ गाठेना.

म्हणजे दोन्ही टोकं एकाच वेळी बिघडली. पॉलिमर वाढवला तर सुरुवात सुधारत नाही, शेवट बिघडतो. पॉलिमर कमी केला तर शेवट सुधारतो आणि सुरुवात हाताबाहेर जाते. या पेचात अडकलेले लोक जास्त चिकटाईची जात शोधू लागतात. त्याचा इथे उपयोग नसतो. पाण्यात सहज विरघळणाऱ्या औषधांच्या बाबतीत के-१५-एमच्या पुढे चिकटाई कितीही वाढवली तरी सुटण्याचा वेग फारसा बदलत नाही. आम्ही तर आधीच त्या टोकाला होतो.

पहिला तास हलत नव्हता त्याचं कारण साधं आहे. जेल तयार व्हायला काही मिनिटं लागतात. गोळीचा ६२ टक्क्यांहून जास्त भाग औषधाचाच आहे, म्हणजे पृष्ठभागावरही बहुतेक औषधच. जेलचे कण एकमेकांना जोडले जाण्याआधीच ते निसटतं, आणि त्याच्या जागी राहिलेल्या पोकळ्यांतून पाणी आणखी आत जातं. पुढे जेल एकदा घट्ट बसलं की के-१००-एम इतकं सावकाश झिजतं की थर जाडच होत राहतो. वाट लांबते आणि वेग घटत जातो. ताकेरू हिगुची यांनी १९६१ मध्ये मलमांसाठी जे वेळेच्या वर्गमुळाचं समीकरण मांडलं, त्याच चालीने आलेख वाकतो.

दुसऱ्या पॉलिमरकडून काय हवं

दुसरा पॉलिमर घालायचा हे ठरलं. पण कोणता, हे ठरवण्याआधी त्याच्याकडून काय हवं ते कागदावर लिहायला लावलं. फॉर्म्युलेशनच्या कामात हा टप्पा लोक गाळतात आणि थेट प्रमाणं बदलत बसतात: ५०-५०, ६०-४०, ७०-३०. नाशिकच्या कॉलेजांतून प्रोजेक्टसाठी माझ्याकडे येणाऱ्या एम.फार्म.च्या मुलांच्या वह्यांत मी हे वरचेवर पाहते. नऊ बॅचेस, नऊ आलेख आणि त्यांतला "बेस्ट" निवडलेला. दुसऱ्या पॉलिमरने नेमकं काय केलं, याचा मात्र उल्लेख नसतो.

आम्हाला तीन गोष्टी हव्या होत्या. एचपीएमसीपेक्षा लवकर पाणी प्यावं. शक्य असेल तर औषधाला सुरुवातीला धरून ठेवावं. आणि नंतर स्वतः झिजत जाऊन जेल फार जाड होऊ देऊ नये.

झँथन गम लवकर फुगतो, पण नैसर्गिक गोंदांच्या लॉटमध्ये फरक पडतो आणि लहान कारखान्याला दर लॉटची सूक्ष्मजीव तपासणी जड जाते. सोडियम अल्जिनेट आम्लात अल्जिनिक आम्ल होऊन बसतं आणि गोळीला चिरा जाऊ शकतात. शिवाय कुठून कॅल्शियम आलं तर त्याचं जेल वेगळंच वागतं. इथिल सेल्युलोज पाणी पीतच नाही. कार्बोमर थोड्या वजनात मोठं काम करतो, पण त्याची पूड इतकी हलकी आणि उडणारी की इथल्या सिफ्टरवर, म्हणजे चाळण्याच्या यंत्रावर, ती सांभाळणं कठीण होतं.

उरला सोडियम सीएमसी, म्हणजे सोडियम कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोज. तो स्वस्त आहे आणि पाणी झटकन पितो. त्याच्या साखळीवर ऋण भार असतो, तर मेटफॉर्मिन पाण्यात धन भाराचं. दोघं जवळ आले की औषधाचा काही भाग साखळीला धरून राहतो. शिवाय एचपीएमसी आणि सोडियम सीएमसी एकत्र विरघळले की मिश्रणाची चिकटाई दोघांच्या बेरजेच्या अपेक्षेपेक्षा जास्त येते. दोन्ही साखळ्यांमधले हायड्रोजन बंध त्याला कारण मानले जातात. आणि एचपीएमसीच्या उच्च जातीपेक्षा सोडियम सीएमसी लवकर झिजतो. तिन्ही अपेक्षा कागदावर तरी पूर्ण होत होत्या.

ही जोडी काही आमचा शोध नव्हे. अमेरिकेत २००० साली मंजूर झालेल्या मेटफॉर्मिनच्या पहिल्या एक्स्टेंडेड रिलीज गोळीतही हेच दोन पॉलिमर आहेत. पण त्या माहितीपत्रकातलं एक वाक्य मी सुरुवातीला पुरेसं महत्त्वाचं मानलं नव्हतं. तिकडे पुढे येते.

एकूण पॉलिमर मुद्दाम २६० मिलिग्रॅमच ठेवला, म्हणजे तुलना सरळ राहील. एचपीएमसी १३०, सोडियम सीएमसी १३०. बाकी काही बदललं नाही. ६.८ पीएचमध्ये पहिला तास मर्यादेत आला, आलेखाची कमान बरीच सरळ झाली आणि दहाव्या तासाला औषध जवळजवळ संपलं. वजन तेच आणि पॉलिमरही तेवढाच, पण वागणं पूर्ण वेगळं. कारखान्यात सगळ्यांना वाटलं, काम झालं.

आम्लात

गोळी ६.८ पीएचच्या पाण्यात पडत नाही, ती पोटात पडते. म्हणून दोन तास ०.१ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लात (पीएच साधारण १.२) आणि पुढे बफरमध्ये असा क्रम लावला. सुरुवातीचा सगळा फायदा नाहीसा झाला. पहिल्या तासाचा आकडा एकट्या एचपीएमसीच्या गोळीपेक्षाही वाईट होता.

आलेख पाहून हे कळतं, पण समजत नाही. म्हणून गोळ्या बाहेर काढून ब्लेडने आडव्या कापल्या. हे काम प्रत्येकाने करावं असं मला मनापासून वाटतं, कारण त्याला यंत्र लागत नाही. पेट्री डिश, धारदार ब्लेड, बारीक सुई आणि ३७ अंशाचं पाणी. तापमान मात्र सांभाळायला हवं. एचपीएमसी गार पाण्यात जास्त सहज विरघळतं आणि तापवलेल्या पाण्यात विरघळत नाही. जानेवारीत नाशिकच्या सकाळी टेबलावरचं पाणी इतकं गार असतं की त्यात पाहिलेली झीज शरीरातल्या झिजेशी जुळत नाही. डिश वॉटर बाथमध्येच ठेवावी.

बफरमधली गोळी कापल्यावर कडेने एकसंध पारदर्शक थर दिसला. सुई टोचली की ती हळूहळू आत जायची आणि गाभ्याला टेकून थांबायची. आम्लातल्या गोळीचा बाहेरचा थर पांढुरका, गढूळ होता. सुईने ओढला की पापुद्र्यासारखा सुटायचा.

कारण पॉलिमरच्या रसायनात आहे. सोडियम सीएमसीचे आम्लगट पीएच चारच्या आसपास आपला भार सोडतात. तीव्र आम्लात ते सोडियम क्षारातून आम्लरूपात जातात. ते रूप पाण्यात नीट विरघळत नाही आणि फुगत नाही. ऋण भार गेला म्हणजे मेटफॉर्मिनला धरून ठेवणंही गेलं. अर्धा पॉलिमर पृष्ठभागावर नुसताच पडून राहिला, आणि १३० मिलिग्रॅम एचपीएमसीला एकट्याने ते सांभाळता येईना. ६.८ च्या बफरमध्ये जो सुरुवात सावरत होता, तोच आम्लात सुरुवात बिघडवत होता.

इथे एक वाद झाला. गुणवत्ता विभागाचं म्हणणं असं की कसोटी ६.८ पीएचलाच आहे, तिथे गोळी उत्तीर्ण होते. शिवाय ती जेवणाबरोबर घ्यायची आहे आणि जेवणानंतर पोटातला पीएच वाढून चार-पाचच्या घरात जातो, मग १.२ चा आग्रह कशाला? यातला दुसरा मुद्दा खरा आहे आणि मी तो मान्य केला. पण जेवणानंतरचा पीएच तिथे टिकत नाही. पोट आम्ल सोडत राहतं आणि पीएच पुन्हा खाली येतो. जेवणाबरोबर घेतलेली फुगलेली गोळी पोटात काही तास थांबते, आणि मेटफॉर्मिनसाठी ते थांबणं हवंच असतं. म्हणजे ती या सगळ्या बदलातून जाणार. कोण किती जेवलं, ॲसिडिटीची गोळी घेतली की नाही, यावर साखरेचं औषध सुटण्याचा वेग ठरावा हे मला पटण्यासारखं नव्हतं. शेवटी १.२, ४.५ आणि ६.८ या तिन्ही पीएचना मूळ कंपनीच्या गोळीशी तुलना करायची आणि एफ-२ हा साम्यगुणांक तिन्हीकडे ५० च्या वर हवा, असं ठरलं. हा गुणांक मूर आणि फ्लॅनर यांनी १९९६ मध्ये सुचवला. ५० म्हणजे दोन आलेखांत सरासरी दहा टक्क्यांचा फरक.

आत आणि बाहेर

प्रमाण बदलून पाहिलं. एचपीएमसी १८० आणि सोडियम सीएमसी ८० केल्यावर आम्लातली गोळी सुधारली, पुरेशी नाही. सोडियम सीएमसी आणखी कमी केला तर बफरमधला फायदा कमी व्हायला लागला. नुसतं प्रमाण हलवून दोन्ही पीएच साधणार नाहीत हे स्पष्ट झालं.

तेव्हा माहितीपत्रकातलं ते वाक्य पुन्हा वाचलं. त्यात लिहिलंय की औषध एका पॉलिमरबरोबर मिसळून आतला भाग बनवलेला आहे, आणि तो भाग सुट्या कणांच्या रूपात दुसऱ्या पॉलिमरच्या बाहेरच्या भागात बसवलेला आहे. मी आतापर्यंत "किती" हाच प्रश्न सोडवत होते. प्रश्न "कुठे" हा होता.

सोडियम सीएमसी गोळीभर पसरला असेल तर पृष्ठभागावरही असतो आणि आम्लाचा पहिला मार तोच खातो. तोच पॉलिमर औषधाबरोबर ग्रॅन्युलच्या, म्हणजे ओलं मळून वाळवलेल्या दाण्याच्या, आत कोंडला आणि एचपीएमसी सगळं ग्रॅन्युलच्या बाहेर ठेवलं, तर आम्लाच्या समोर एचपीएमसी येतं. त्याच्या साखळीवर भार नसतो, त्यामुळे पोटात काय किंवा आतड्यात काय, ते सारखंच फुगतं. सोडियम सीएमसी मागे, औषधाला चिकटून. आम्ल तिथवर पोचतं, पण जेलमधून झिरपत, सावकाश, आणि तोवर आतला क्षार त्याचा काही भाग शमवतो.

नवी मांडणी अशी झाली. ग्रॅन्युलच्या आत मेटफॉर्मिन ५००, सोडियम सीएमसी ५०, पीव्हीपी १५. बाहेर एचपीएमसी के-१००-एम २१०, एमसीसी १५, सिलिका ४, स्टिअरेट ६. एकूण पुन्हा ८००, आणि पॉलिमर पुन्हा २६०.

कागदावर हे सोपं वाटतं. आरएमजीमध्ये, म्हणजे रॅपिड मिक्सर ग्रॅन्युलेटरमध्ये, ते सोपं नव्हतं. मेटफॉर्मिन पाण्यात विरघळतं आणि सोडियम सीएमसी पाणी ओढून घेतो. थोडं पाणी घातलं तर काहीच होत नाही असं दिसतं, आणि मग एका क्षणी सगळ्याचा लगदा होतो. ग्रॅन्युलेशनचे दादा पंधराएक वर्षं हेच यंत्र चालवताहेत. ते मोटरवरचा लोड दाखवणाऱ्या मीटरकडे बघत म्हणाले, "मॅडम, अजून कोरडं दिसतंय म्हणून पाणी वाढवू नका. लोड चढायला लागला की हे एकदम चढतं, मग आवरत नाही."

"मग थांबायचं कधी, दादा?"

"आधीच थांबायचं. पाणी बंद करून नुसतं फिरू द्यायचं. ते आपोआप आत ओढतं."

त्यांचंच ऐकलं. पाण्याचं प्रमाण कमी केलं, बाइंडर सोडण्याचा वेग कमी केला आणि पाणी संपल्यावर मळण्याचा वेळ वाढवला. गुठळ्या थांबल्या. मास्टर फॉर्म्युला रेकॉर्डमध्ये आता मोटरच्या अँपिअरची मर्यादाही लिहिलेली आहे.

वाळवण्याचाही प्रश्न होता. मेटफॉर्मिनचे स्फटिक सुईसारखे असतात आणि दाबल्यावर नीट एकमेकांत गुंतत नाहीत. एफबीडीमध्ये, म्हणजे फ्लुइड बेड ड्रायरमध्ये, ग्रॅन्युल जास्त वाळले की गोळीची टोपी उडते, म्हणजे कॅपिंग होतं. ओले राहिले की पंचाला चिकटतात. एप्रिलमध्ये नाशिकची हवा कोरडी पडते तेव्हा पहिला त्रास, जुलै-ऑगस्टमध्ये दुसरा. ग्रॅन्युलमध्ये थोडा ओलावा मुद्दाम राखून आणि कॉम्प्रेशनच्या खोलीतली आर्द्रता धरून ठेवून हे सावरलं. फुगणाऱ्या पॉलिमरच्या गोळीत दाबाचा एक फायदा असतो: गोळी नीट बांधली गेली की कडकपणातल्या लहान फरकाने औषध सुटण्याचा वेग फारसा बदलत नाही. म्हणून कॅपिंग टाळण्यासाठी दाब हवा तसा लावता आला.

या गोळीचा आम्लातला पहिला तास ४० च्या आत आला. बफरमधलाही. ४.५ ला दोन्हींच्या मध्ये. कापून पाहिलं तेव्हा आम्लातल्या गोळीचा बाहेरचा थर यावेळी पारदर्शक होता आणि पापुद्रे सुटत नव्हते. दहाव्या तासाला तिन्हीकडे ८५ च्या वर. २६० मिलिग्रॅम एकट्या एचपीएमसीच्या गोळीच्या आलेखावर हा आलेख ठेवला तर सुरुवातीला खाली आणि शेवटी वर असा दिसतो, म्हणजे दोघांची एकमेकांवर फुली होते. मला हवी होती ती ही फुली.

पॅडलखालची गोळी

मोजण्यातल्या एका अडचणीबद्दल लिहायलाच हवं, कारण तिने काही काळ दिशाभूल केली. फुगणारी गोळी तरंगू नये किंवा तळाला चिकटू नये म्हणून तिला तारेच्या सिंकरमध्ये बसवतात. आमचा सिंकर कोरड्या गोळीच्या मापाचा होता. दोन तासांत गोळी इतकी फुगायची की तारेत आवळली जायची. मग फुगणं थांबायचं, जेल दाबलं जायचं आणि त्या भांड्यातला आलेख बाकीच्यांपेक्षा खाली यायचा. सहा भांड्यांतला फरक वाढला की लोक मिक्सिंगवर संशय घेतात. आमच्याकडेही ब्लेंडची पुन्हा तपासणी झाली, आणि ब्लेंड चांगलाच होता. सैल, सर्पिल सिंकर वापरल्यावर भांड्यांमधला फरक उतरला. पॅडलऐवजी फिरती जाळीची बास्केट वापरून पाहिलं तर जेलने जाळीच बुजवली. अशा गोळीला बास्केट टाळावी, हे माझं स्पष्ट मत आहे.

आलेखाला समीकरण बसवण्याबद्दलही. कोर्समायर आणि पेपास यांचं १९८३ चं समीकरण वापरून एन हा घातांक काढतात. दंडगोलासाठी तो ०.४५ असेल तर औषध निव्वळ झिरपून येतं, ०.८९ च्या जवळ असेल तर फुगण्या-झिजण्याच्या चालीने, मधला असेल तर दोन्ही मिळून. आमचा आकडा मधलाच होता. पण हे समीकरण पहिल्या ६० टक्क्यांपुरतंच आहे. आमची गोळी तिसऱ्या तासालाच तिथे पोचते, आणि कॅप्सूलच्या आकाराची गोळी काही शुद्ध दंडगोल नाही. त्यामुळे या घातांकावर मी निर्णय टाकला नाही. कापलेल्या गोळीतल्या गाभ्याची रुंदी आणि जेलची जाडी दर तासाला मोजून जे दिसलं, ते जास्त विश्वासाचं होतं. एकट्या एचपीएमसीच्या गोळीत जेलची जाडी वाढतच जाते. नव्या गोळीत ती काही तासांनी वाढायची थांबते आणि गाभा संपेपर्यंत जवळपास तशीच राहते. दोन्ही सीमा बरोबरीने सरकताहेत, याचा यापेक्षा सरळ पुरावा मला नको होता.

स्थिरतेच्या चाचणीत, ४० अंश आणि ७५ टक्के आर्द्रतेला, साध्या पीव्हीसी ब्लिस्टरमधल्या गोळ्या थोड्या मऊ पडल्या. सोडियम सीएमसी ओलावा ओढतो, त्यामुळे हे अपेक्षित होतं. औषध सुटण्यात फरक पडला नाही, तरी कोकणात जाणाऱ्या मालाचा विचार करून आम्ही अॅल्यु-अॅल्यु, म्हणजे दोन्ही बाजूंनी अॅल्युमिनियमचा पॅक सुचवला. २०१९ च्या नियमांनुसार सस्टेन्ड रिलीज रूप हे नवं औषधच मानलं जातं, त्यामुळे पुढचा कागदपत्रांचा प्रवास मोठा आहे आणि तो कारखाना करतो आहे.

माहितीपत्रकाच्या मराठी मसुद्यात मी दोन वाक्यं आग्रहाने घालून घेतली. गोळी तोडू, चावू किंवा ठेचू नये. आणि शौचात कधी गोळीसारखा मऊ गोळा दिसला तर घाबरू नये, औषध शरीरात सुटलेलं असतं, तो उरलेला पॉलिमर असतो. हे आधी सांगितलं नाही तर माणूस साहजिकच म्हणतो की गोळी पचलीच नाही, आणि दुसऱ्या दिवसापासून दोन घेतो किंवा बंदच करतो. मधुमेहात दोन्ही धोक्याचं.

आता १००० मिलिग्रॅमची मागणी आली आहे. सगळं दुप्पट केलं तर गोळी १६०० मिलिग्रॅमची होईल, आणि ती कोणी गिळणार नाही. सुदैवाने तसं करायची गरजही नाही. आकार तोच ठेवून गोळीचं घनफळ दुप्पट केलं तर पृष्ठभाग साधारण १.६ पटच वाढतो. म्हणजे प्रत्येक मिलिग्रॅम औषधामागे बाहेरचा पृष्ठभाग एक पंचमांशाने कमी होतो आणि औषध आपोआपच हळू सुटतं. त्यामुळे पॉलिमर टक्केवारीने खाली आणता येतो, आणि गोळी १४०० मिलिग्रॅमच्या आत बसवायची तर तो साधारण २४ टक्क्यांवर आणावा लागतो. अडचण तिथेच आहे. पॉलिमर इतका कमी झाला की त्याचे कण एकमेकांना टेकून सलग जाळं करतीलच असं नाही, आणि जाळं तुटकं राहिलं तर पहिला तास पुन्हा हाताबाहेर जातो. म्हणून १००० च्या पहिल्या बॅचेसमध्ये प्रमाणाला हात लावण्याआधी एचपीएमसी जास्त बारीक चाळणीचं घेतलं आहे. तेवढ्याच वजनात कणांची संख्या वाढते आणि जेल लवकर जुळतं. आतला सोडियम सीएमसी औषधाच्या दहा टक्केच ठेवला आहे. आम्लातल्या दोन तासांचा निकाल हातात आल्याशिवाय बफरची कसोटी लावायची नाही, असं यावेळी सुरुवातीलाच ठरवून घेतलं आहे.